उकिरडा गेला, म्हणून डबा टांगला: कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा कसा द्यायचा

(ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा बोललेला मजकूर. बोलताना घेतलेले दम, अडखळणं आणि मधलं कोंबड्यांचं केकाटणं काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

आज मी घरूनच बोलतोय, शिरढोणहून. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात की पळस्पे फाटा जातो आणि कर्नाळ्याच्या आधी आमचं गाव येतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव, ४ नोव्हेंबर १८४५. शाळेची सहल फडके वाड्यावर आली असेल तर तुम्ही आमच्या घरावरूनच गेला असाल. पण आज इतिहास नाही. आज कोंबड्या.

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो होतो की आमच्या कोंबड्यांचं मऊ अंड्यांचं दुखणं एका तेलाच्या डब्याने बरं झालं. त्यावर इतके मेसेज आले की म्हटलं, सगळं नीटच सांगू. अर्धे मेसेज होते, 'डब्याचा फोटो टाक'. फोटो टाकतो, पण फोटोने काम होणार नाही. डबा का टांगला ते कळलं नाही, तर तुम्ही तो टांगाल आणि त्यात भलतंच काहीतरी भराल. मी तेच केलं होतं.

गोष्ट अशी. आमच्याकडे आजीच्या काळापासून कोंबड्या आहेत. गावठी, परसातल्या. अंड्यांचा पैसा हा आजीचा आणि आता आईचा. त्यात कोणी हात घालत नाही. गावठी अंडं आमच्याकडे दहा-बारा रुपयांना सहज जातं, घेणारे दारात येतात. दोन वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला आणि गिरिराज जातीची काही पिल्लं आणली. अंडी जास्त देतात म्हणून. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, मधेच खुडूक बसते. सुधारित जातीची कोंबडी शंभराच्या पुढे जाते. म्हटलं, आईचा पैसा डबल.

सुरुवातीला झालाही. मग एप्रिल-मे आला आणि खुराड्यात सकाळी हात घातला की मऊ अंडं हाताला लागायला लागलं. कवचच नाही. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत. काही अंड्यांना कवच होतं, पण उचलताना बोट आत जायचं. अशी अंडी खुराड्यातच फुटतात, आणि एकदा का कोंबडीने फुटलेलं अंडं चाखलं की तिला चटक लागते. मग ती चांगली अंडीसुद्धा टोचून खाते. तिचं बघून दुसरी शिकते. आमच्याकडे महिन्याभरात तीन कोंबड्या अंडीखाऊ झाल्या. आणि एक तांबडी, आईची लाडकी, तिच्या पोटात मऊ अंडं अडकलं. दिवसभर शेपूट खाली पाडून, पाय फाकवून उभी होती. रात्री गेली. आई काही बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने मला 'गिरिराज' म्हणून हाक मारली, एवढं सांगतो.

आता मी काय केलं? मोबाईल उघडला. 'कॅल्शियम कमी आहे' एवढं वाचलं आणि दुकानातून कॅल्शियमची पावडर आणून कणीत कालवून सगळ्यांना घातली. सगळ्यांना म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांना, कोंबड्याला आणि दोन महिन्यांच्या पिल्लांनाही. एकच ताट. पंधरा दिवसांनी पिल्लं मलूल झाली, वाढ थांबल्यासारखी. दोन मेली. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच केला, पिल्लांना काय घालताय? सांगितल्यावर म्हणाल्या, ते आजपासून बंद. वाढत्या पिल्लाला खाद्यात साधारण एक टक्का कॅल्शियम पुरतं. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के लागतं. कोंबडीचा हिशोब पिल्लाला लावला की जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता टाकता त्याची किडनी बिघडते. कोंबड्यालाही, म्हणजे नराला, ते नकोच असतं. तो काय अंडी घालतोय!

मग म्हटलं, मॅडम, द्यायचं तरी कसं? त्या म्हणाल्या, वेगळं ठेवा. जिला हवं ती खाईल.

मला ते पटलं नाही. कोंबडीला काय कळतंय? घरी येऊन आजीला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "कोंबरी येरी नाय रं. आपल्या उकिरड्यावं ती काय खात होती?"

आणि मला एकदम आठवलं. आमच्या घरामागे उकिरडा होता. खाडी जवळ, त्यामुळे खुबे, तिसऱ्या, कालवं घरात कायम. सगळ्यांच्या शिंपल्या त्या उकिरड्यावर. पावसाने धुतलेल्या, उन्हाने वाळलेल्या, पायाखाली चुरा झालेल्या. आणि संध्याकाळी कोंबड्या तिथेच असायच्या. आम्हाला वाटायचं किडे खातायत. किडे खातच होत्या, पण शिंपल्यांचा चुराही टिपत होत्या. ते त्यांचं वेगळं ठेवलेलं ताटच होतं.

आता काय झालंय? मागे कंपाउंडची भिंत आली. अंगणात लाद्या बसवल्या. कचरा घंटागाडीत जातो. शिंपल्याही तिच्यातच जातात. स्वच्छता झाली, उत्तम झालं, मला उकिरडा परत नकोय. पण कोंबडीच्या जेवणातली एक वस्तू गेली आणि ती गेल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. गावठी कोंबडी कमी अंडी घालते म्हणून तिने तेही निभावून नेलं असतं. मी वर दुप्पट अंडी देणारी जात आणली आणि खायला घातली तीच तांदळाची कणी. तांदळात कॅल्शियम नावालाच असतं.

जरा आकडे सांगतो, फार नाही. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीने खाल्लेल्यापैकी निम्म्याच्या आसपास अंगी लागतं. म्हणजे अंड्याच्या दिवशी तिच्या पोटात चार ग्रॅम तरी जायला हवं. नाही गेलं तर ती स्वतःच्या हाडातून काढते. कोंबडीच्या पायाच्या हाडांत यासाठी खास साठा असतो. तो संपला की आधी कवच पातळ होतं आणि मग कोंबडी लंगडायला लागते.

आणि खरी गंमत पुढे आहे. कवच तयार व्हायला जवळजवळ वीस तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ रात्रीचा असतो. म्हणजे कोंबडी झोपलेली, पोटात नवं खाद्य जात नाही, आणि नेमका तेव्हाच कारखाना जोरात. तुम्ही पीठासारखी बारीक पावडर दिलीत तर ती संध्याकाळपर्यंत पुढे सरकून गेलेली असते. पण शिंपलीचा जाडसर तुकडा तिच्या दळणाच्या पोटात अडकून राहतो. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर तो घट्ट, चिवट गोळा मिळतो ना, तेच ते. तिथे तो तुकडा रात्रभर हळूहळू विरघळतो. म्हणून अंड्यावरची कोंबडी दुपार उतरल्यावर शिंपल्या शोधते. हे मी स्वतः पाहिलंय. सकाळी डबा टांगला तर कोणी ढुंकून बघत नाही, चारनंतर रांग लागते.

एक गोंधळ आत्ताच निस्तरतो, कारण यावरही मेसेज आहेत. खडे वेगळे आणि शिंपल्या वेगळ्या. कोंबडीला दात नसतात, म्हणून ती बारीक खडे गिळते आणि त्यांच्यावर दाणे दळते. ते खडे विरघळत नाहीत, जात्याच्या दगडासारखे टिकतात. शिंपली विरघळते. तुमच्या कोंबड्या मातीत फिरत असतील तर खडे त्या स्वतः शोधतात. गच्चीवर किंवा लादीवर बंद असतील तर एका वाटीत बारीक खडीही ठेवा. पण खडी दिली म्हणजे कॅल्शियम दिलं, असं नाही.

आता डबा.

पहिला प्रयोग करवंटीचा. नारळाची अर्धी करवंटी, भिंतीला खिळा, झालं. फुकट आणि दिसायला झकास, रीलमध्ये एकदम भारी. तीन दिवसांत फेल. कोंबडी करवंटीच्या काठावर उभी राहते, करवंटी कलंडते, चुरा खाली, त्यावर विष्ठा. दोन-चार कोंबड्या असतील आणि रोज मूठभर टाकायची तयारी असेल तर चालेल. आपल्याला तेवढी शिस्त असती तर काय हवं होतं!

दुसरा प्रयोग पाइपचा. घराच्या प्लंबिंगचा तीन इंची पीव्हीसी पाइप उरला होता, दीड फुटाचा तुकडा. खाली वाय जोडला. वाय म्हणजे ज्या फिटिंगला बाजूला तिरपं तोंड असतं ते. वायच्या खालच्या तोंडाला झाकण, पाइपच्या वरच्या टोकाला झाकण. तारेने जाळीला उभा बांधला. वरून चुरा भरायचा, तिरप्या तोंडातून कोंबडी टिपते आणि टिपलं तेवढाच चुरा खाली सरकतो. नुसता एल्बो लावला तरी चालतं, पण एल्बोतून कोंबडी चोचीने चुरा उडवते. वायचं तोंड वर तिरकं असल्याने उडवलेला तुकडा परत आत पडतो. फिटिंग आणि झाकणं मिळून माझे शंभराच्या आत गेले, पाइप घरचाच होता.

यात मी खाल्लेला मार सांगतो. पहिल्यांदा कंजुषी करून दीड इंची पाइप घेतला होता. शिंपलीचे तुकडे गोल नसतात, कोपऱ्याकोपऱ्याचे असतात. अरुंद पाइपात ते एकमेकांत अडकून कमान धरतात. वरून पाइप भरलेला दिसतो आणि खाली तोंड रिकामं. मी चार दिवस खूश होतो की बघा, कोंबड्यांना आता गरजच उरली नाही. आईने पाइपला एक चापट मारली आणि धाडकन सगळं खाली आलं. तर तीन इंचापेक्षा बारीक घेऊ नका.

तिसरा प्रकार, जो मला सगळ्यात आवडतो, तो पाच लिटरचा तेलाचा डबा. प्लास्टिकचा, कडी असलेला. तो प्रत्येकाच्या घरात असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. साबण आणि गरम पाण्याने तेलकटपणा पूर्ण काढा, नाहीतर चुरा चिकटून खवट वास मारतो. तळापासून तीन बोटं सोडून दोन समोरासमोरच्या बाजूंना खिडक्या कापा. मान सहज आत जावी, पण कोंबडी आत शिरू नये, एवढ्याच. कापलेली कड धारदार राहते, तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून बसवा. हे टाळू नका, तुरा आणि गळा कापतो. झाकण घट्ट लावा. कडीतून दोरी ओवून टांगा. टांगल्यामुळे त्यावर कोंबडी बसू शकत नाही, बसली तर डोलते आणि ती उतरते. यात चुरा तळात तीन बोटांपुरताच मावतो, त्यामुळे आठवड्यातून एक-दोनदा भरावा लागतो. पण त्या निमित्ताने बघितलं जातं. पाइप भरला की माणूस विसरतो.

कुठे टांगायचा? कोंबडीच्या पाठीच्या उंचीला खिडकीची कड यायला हवी. पिल्लाची चोच तिथपर्यंत पोचत नाही, पिल्लांचा प्रश्न तिथेच मिटला. रात्री बसायच्या दांडीच्या खाली अजिबात नको, का ते सांगायला नको. पाण्याच्या भांड्याला लागूनही नको. आणि आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, म्हणून वळचणीला नको, आतल्या बाजूला. शिंपल्या ओल्या झाल्या तरी बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण. पण बाजारची मिनरल पावडर असल्या डब्यात भरलीत तर श्रावणापर्यंत तिचा दगड झालेला असेल. पावडर या डब्यासाठी नाहीच.

झाकण आणि छप्पर यावर मी हट्ट धरतो त्याला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरला, बर्ड फ्लू निघाला. चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव, इथून लांब नाही. परसातल्या कोंबड्या माराव्या लागल्या. ज्यांचं दूध-अंड्यावर चालतं त्यांच्या घरी तेव्हा काय झालं असेल, ते आम्ही इथे बसून कळू शकत होतो. आमचं गाव कर्नाळ्याच्या कुशीत, पाखरं भरपूर. उघड्या ताटात कावळा, साळुंकी, कबुतर सगळे जेवतात आणि जाताना विष्ठा ठेवून जातात. एका डब्याने बर्ड फ्लू थांबतो असं मी म्हणत नाही. पण बाहेरच्या पाखरांना जेवायला बोलवायचं नाही, एवढं आपल्या हातात आहे. खाद्याचं ताटही आता आम्ही आतच ठेवतो.

चुरा कसा करायचा? आमच्याकडे घरच्याच शिंपल्या. मांस राहिलेलं असेल तर उकळून काढा. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मीठ जायला हवं, जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग गोणपाटात गुंडाळून हातोडीने ठेचा. नाका-तोंडाला रुमाल बांधा, धूळ वाईट असते, आणि डोळे सांभाळा. रव्याच्या चाळणीने चाळून पीठ काढून टाका, झाडांना घाला. वर राहतात ते ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, ते आपले. आमच्या अकरा कोंबड्यांना एक किलो चुरा तीन आठवड्यांच्या आसपास पुरतो.

घाटावरून एका मित्राने व्हॉइस नोट पाठवलीय, "आमच्याकडे कुठला समुद्र? आम्ही काय करायचं?" रास्त प्रश्न. पहिलं, अंड्यांची टरफलं. धुवून, तव्यावर चांगली भाजून घ्या, म्हणजे त्यातले जंतू मरतात. मग ओळखू येणार नाहीत इतकी चुरडा. अर्धं टरफल तसंच टाकलंत तर तुम्हीच कोंबडीला अंडं खायला शिकवलंत. पण टरफलं पुरत नाहीत. जेवढं कवच गेलं तेवढं परत येत नाही, कारण अंडी आपण विकतो. तेव्हा पोल्ट्री खाद्याच्या दुकानातून शिंपला खडी किंवा चुनखडीची खडी घ्या. कोंबड्यांच्या खाद्यासाठीची म्हणून मागा, बांधकामाची नको. आणि पानाला लावायचा चुना तर मुळीच नको! हे मी हसून सांगत नाहीये, दोघांनी विचारलंय. शिंपल्या भट्टीत भाजूनच पूर्वी कोकणात चुना करायचे, त्यामुळे 'एकच तर आहे' असं वाटतं. भट्टीत भाजल्यावर ती वस्तू बदलते. चुना तोंड आणि अन्ननळी भाजतो. शिंपली उन्हात वाळवायची, जाळायची नाही.

आणि हे नीट ऐका. मऊ अंडं म्हणजे दर वेळी कॅल्शियम नव्हे. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, तेव्हा रक्ताचं गणित बदलतं आणि पोटात कॅल्शियम असूनही कवच पातळ पडतं. आमचा मे महिना वाईट गेला त्यात याचाही हात होता, नुसत्या डब्याचं कौतुक करणं खोटं होईल. त्याच वेळी आम्ही खुराड्यावर पेंढा टाकला आणि दुपारचं गार पाणी सुरू केलं. म्हाताऱ्या कोंबडीचं कवच तसंही पातळ होतं. पण एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मऊ अंडी द्यायला लागल्या, अंडी एकदम घटली, हिरवी हगवण, घरघर, मान वाकडी, यातलं काही दिसलं, तर डबा विसरा आणि दवाखान्यात फोन करा. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगातही, अंड्यांचं असंच होतं. त्यावर लस आहे, शिंपल्या नाहीत. आणि बऱ्याच कोंबड्या अचानक मेल्या तर हात न लावता कळवा. लपवून विकायच्या भानगडीत पडू नका.

डबा टांगल्यावर आमच्याकडे किती दिवसांत फरक पडला? पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्यात मऊ अंडी थांबली. कवच हाताला जाड लागायला महिना गेला. हाडातला रिकामा साठा आधी भरत असावा, असा माझा अंदाज. अंडीखाऊ झालेल्या तिघींपैकी दोघी सुधारल्या, तिसरी सुधारली नाही. तिचं काय झालं ते विचारू नका, रविवार होता.

आणि तो प्रयोग, ज्याच्यामुळे मॅडमचं आणि आजीचं म्हणणं मला पटलं. एक कोंबडी खुडूक बसली, एकवीस दिवस अंड्यांवर. ती दिवसातून एकदा उठायची, दाणे खायची, पाणी प्यायची आणि डब्याकडे न बघता परत जायची. पिल्लं मोठी झाली, ती पुन्हा अंड्यावर आली, आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी डब्याला लागली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

थांबा, आवाज येतोय ना? ती चंद्री. पाच वाजत आलेत, डबा रिकामा असेल, म्हणून हा आरडाओरडा. तर फोटो टाकतोय, तेलाच्या डब्याचा आणि पाइपचा, दोन्ही. तुम्ही काही वेगळं केलं असेल तर त्याचाही पाठवा, फसलेलं असेल तर आधी पाठवा. काल आईने सात अंडी काढली, त्यातलं एक थोडं पातळ होतं. कोणाचं ते मी अजून शोधतोय.